न जन्मलेल्या ड्रॅगनची कुंडली

अकरा देव, अकरा मुलुख, आणि अकरांपैकी आठ घरं भरलेली. उरली तीन : पृथ्वी, प्रकाश आणि वारा. 'फ्लाइट रायझिंग' नावाच्या ऑनलाइन खेळात 'ऑराबोआ' ही सापाच्या वळणाची ड्रॅगनजात निसर्गदेवतेच्या वाट्याला आली, तेव्हा खेळाडूंपुढचं कोडं इतकं आटोपशीर झालं होतं. पुढची जात या तिघांपैकी कुणाची तरी असणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण तिचा तोंडवळा कसा असेल? पंख असतील की नसतील? अंगावर खवले, केस की पिसं? ती उडेल, पोहेल की जमीन उकरेल? अशा प्रश्नांपायी लोक रात्री जागवतात. चित्रं काढतात, तक्ते करतात, जुन्या कथांचे उतारे उकरून काढतात, एकमेकांचे मुद्दे खोडतात. आणि हे सगळं खेळ बनवणाऱ्यांनी त्या ड्रॅगनबद्दल अवाक्षर काढायच्या आधी.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं म्हणून हा प्रकार निकालात काढता येईल. काढूही नये असं नाही. त्यात रिकामटेकडेपणाचा अंश आहेच. पण थोडं जवळ जाऊन पाहिलं की या अंदाजबाजीला पुराव्याचे नियम दिसतात, तिचा स्वतःचा बाजार दिसतो, आणि एक मजेशीर विसंगतीही दिसते : ही माणसं उत्तरासाठी जीव टाकतात, पण कुणी ते आयतं हातात ठेवलं तर चिडतात.

आधी खेळ समजून घ्यायला हवा. 'फ्लाइट रायझिंग' ८ जून २०१३ रोजी सुरू झाला. आदल्या वर्षी 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणी काढून 'स्टॉर्मलाइट वर्कशॉप' या लहानशा कंपनीने त्याची उभारणी केली होती. तो ब्राउझरमध्ये चालतो. त्यात बोटांची चपळाई लागत नाही, त्रिमितीय रणांगण नाही. लढाईसाठी एक आखाडा आहे, पण बहुतेकांचा जीव तिथे नसतो. तो असतो घरट्यात. दोन ड्रॅगन जुळवायचे, त्यांना अंडी घालू द्यायची, ती पाच दिवस उबवायची आणि पिल्लं कशी निघतात ते पाहायचं. 'सॉर्निएथ' हे त्या जगाचं नाव. खेळाडू सुरुवातीलाच अकरांपैकी एक तत्त्व निवडतो आणि त्या देवतेच्या कळपात सामील होतो. आग, पाणी, वारा, पृथ्वी ही नेहमीची मंडळी त्यात आहेत. पण रोगराईचीही एक देवता आहे, आणि तिचे भक्त काही कमी नाहीत.

पिल्लांचा रंग नशिबावर सोडलेला असला तरी तो हिशेबाबाहेर नाही. प्रत्येक ड्रॅगनवर रंगाचे तीन थर असतात : अंगाचा, पंखांचा आणि वरच्या नक्षीचा. सुरुवातीला खेळात ६७ रंग होते. २०१६ मध्ये ते १७७ झाले. हे रंग एका चक्रात मांडलेले आहेत. आईचा रंग चक्रावर इथे, बापाचा तिथे. दोघांमधला जवळचा रस्ता धरायचा, आणि त्या रस्त्यावर पडणारा कुठलाही रंग पिल्लाला मिळू शकतो. आईबाप चक्रावर शेजारी असतील तर पिल्लाला दोनच रंगांची शक्यता. अगदी समोरासमोर असतील तर ८९. तिन्ही थरांत असं झालं तर एका पिल्लाच्या रंगसंगतीच्या शक्यता ८९ गुणिले ८९ गुणिले ८९, म्हणजे सात लाखांच्या वर जातात. त्यामुळे मनासारखं पिल्लू हवं असणारा खेळाडू आधी रंग जवळ आणतो. पिढ्यान्‌पिढ्या. गोठ्यातल्या जनावरांची पैदास सुधारणाऱ्या माणसाचा धीर त्याच्यात असावा लागतो.

सवय लागते ती इथे. ज्याने वर्षानुवर्षं 'हे अधिक हे म्हणजे काय?' एवढाच विचार केला, त्याला नव्या जातीचं नाव कानावर पडताच डोकं चालवल्याशिवाय राहवत नाही. खेळातच 'स्क्रायिंग वर्कशॉप' नावाची सोय आहे. कुठल्याही जातीचा ड्रॅगन, कुठल्याही रंगात, कुठल्याही नक्षीत कसा दिसेल ते तिथे आधीच पाहता येतं. दोन ड्रॅगनांची संभाव्य पिल्लंही दिसतात. म्हणजे भविष्य पाहण्याचं दुकान बनवणाऱ्यांनीच थाटून दिलं आहे. नवी जात आली की पहिली गर्दी तिथे उडते. ती येण्याआधी मात्र प्रत्येकाला आपापल्या डोक्यातलं दुकान चालवावं लागतं.

आता जातींकडे. खेळात दोन गट आहेत. एक 'आधुनिक' जातींचा : फे, गार्डियन, मिरर, पर्लकॅचर, टुंड्रा, इंपीरियल, कोआटल वगैरे. या आपसात जुळतात, कपडे-दागिने घालतात. दुसरा 'प्राचीन' जातींचा. २०१९ मध्ये 'गेओलर' आली आणि हा गट सुरू झाला. बर्फाच्या देवतेच्या तुरुंगाचे हे केसाळ, दांडगे पहारेकरी. मग आगीची 'बेनस्केल', सावलीची चिमुकली, कीटकासारख्या पंखांची 'व्हेलस्पन', रोगराईची दोन तोंडांची 'ॲबरेशन', पाण्याची 'अंडरटाइड'. प्राचीन जाती फक्त आपल्याच जातीत जुळतात. त्यांच्या नक्ष्यांचा संच वेगळा असतो. आणि त्यांना कपडे घालता येत नाहीत.

कपड्यांची गोष्ट किरकोळ वाटेल, पण अंदाज बांधणाऱ्यांचा निम्मा जीव त्यात अडकलेला असतो. या खेळात ड्रॅगनला सजवणं हा स्वतंत्र छंद आहे. कुणी मखमली अंगरखा, वर जुळते मोजे, गळ्यात माळ, डोक्यावर मुकुट असा पोशाख महिनोन्‌महिने पैसे साठवून जुळवलेला असतो. तो ड्रॅगन नव्या प्राचीन जातीत बदलायचा म्हणजे सगळा साज उतरवायचा. म्हणून 'पुढची जात कशी असेल?' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : माझ्या कळपातलं कोण तिच्यात जाणार? एखाद्याचा मुख्य ड्रॅगन वाऱ्याच्या देवतेचा जुना पुजारी; त्याच्यावर मालकाने कथा लिहिलेली, त्याची चित्रं काढून घेतलेली. वाऱ्याची प्राचीन जात येईल तेव्हा तो तिच्यात शोभेल की आहे तिथेच बरा, याची चिंता ती जात जन्मायच्या आधीपासून. कुंडली पाहण्याची घाई मुलीच्या बापालाच जास्त असते.

आता तक्ता. गेओलर आणि बेनस्केल या दोनच जाती असताना 'प्रत्येक तत्त्वाला एक प्राचीन जात' हा नियम छातीठोकपणे सांगता येण्यासारखा नव्हता. दोन उदाहरणांवर नियम उभा राहत नाही. तिसरी सावलीची निघाली, चौथी रोगराईची. पुनरुक्ती नाही. मग पाणी, गूढशक्तीची 'ईथर', विजेची 'सँडसर्ज', निसर्गाची ऑराबोआ. आठ जाती, आठ तत्त्वं, एकही दोनदा नाही. हे अपघाताने घडायचं तर किती अवघड, याचा हिशेब करणं सोपं आहे. अकरा चिठ्ठ्यांतून दर वेळी एक काढून पुन्हा आत टाकली, तर आठही वेळा वेगळी चिठ्ठी निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम तीन. म्हणजे रिकाम्या घरांचा तर्क ही नुसती हौस नव्हती. त्याला आकड्यांचं पाठबळ होतं. आणि तो खरा ठरला. पुढे पृथ्वीची 'डस्टहाइड' आली, प्रकाशाची 'एव्हरलक्स' आली, आणि वाऱ्याच्या घरात 'सिरस' बसली.

पण घर कळलं म्हणून बाळ कसं असेल ते कळत नाही. सँडसर्जच घ्या. विजेचा मुलुख म्हटला की डोळ्यांपुढे तारा, यंत्रं, ठिणग्या येतात. पण खेळाच्या नकाशात विजेचा प्रदेश हे वाळवंट आहे, आणि जात निघाली वाळूत सूर मारणारी, पाण्यातल्या शिकाऱ्याच्या घाटाची. ज्यांनी तत्त्वावर पैज लावली ते फसले. ज्यांनी भूगोल वाचला ते जवळ पोचले. मुरलेले खेळाडू म्हणूनच देवतेचं नाव घेऊन थांबत नाहीत. त्या मुलुखात पाणी किती, झाडी किती, तिथे आधीपासून कोणते जीव राहतात आणि कुणाची जागा रिकामी आहे, असं विचारतात. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा हा प्रश्न, पण तो विचारला जातो कल्पनेतल्या प्राण्यासाठी.

दुसरा पुरावा कथांचा. फ्लाइट रायझिंगच्या जातींना स्वभाव दिलेले आहेत, आणि ते साचेबंद नाहीत. फे ड्रॅगन एकसुरी बोलतात; त्यांच्या मनातलं त्यांच्या परांच्या हालचालींवरून ओळखायचं. पर्लकॅचर जन्मभर आपला मोती सांभाळतो. टुंड्राची स्मरणशक्ती यथातथाच, त्याचा भरवसा नाकावर. गार्डियन कुणाची किंवा कशाची तरी राखण करायला बांधलेला असतो आणि ते सापडेपर्यंत भटकतो. इंपीरियलची कथा तर अंगावर काटा आणणारी : त्यांची प्रेतं एकत्र राहिली तर ती एकमेकांत मिसळतात आणि अनेक तोंडांचा एक मेलेला, तरीही चालणारा राक्षस उठतो. त्याला 'एम्परर' म्हणतात. खेळाडू हे सगळं कायद्याच्या कलमांसारखं वाचतात. एखाद्या जुन्या परिच्छेदात नाव न घेता उल्लेखलेला जीव, चित्राच्या कोपऱ्यात दिसलेलं शिंग, एखाद्या वस्तूच्या वर्णनातली ओळ, सगळं टिपून ठेवलं जातं. यातलं नव्वद टक्के वाया जातं, हे त्यांनाही ठाऊक असतं.

तिसरा पुरावा शरीराचा. सावलीसारखी काळी बाह्याकृती किंवा चित्राचा एखादा तुकडा दिसला की पहिल्यांदा पाय मोजले जातात. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव. असा पृष्ठवंशी प्राणी निसर्गात नाही. दोन पाय आणि दोन पंख म्हणजे पुढच्या पायांचेच पंख झालेले, वटवाघूळ किंवा पक्ष्यासारखे. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले ड्रॅगन याच घडणीचे. पंखच नाहीत म्हणजे वेगळं कूळ. बारा-चौदा वर्षांपासून असल्या वादांत मुरलेली पोरंपोरी खांद्याच्या हाडावर जे बोलतात ते ऐकून पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. जाता जाता सांगायचं तर पायांचा बळी न देता पंख मिळवण्याची एक युक्ती निसर्गाने केलेली आहे, आणि तीही आपल्याजवळच. गोव्यापासून केरळपर्यंतच्या पश्चिम घाटात राहणारा उडता सरडा, 'ड्रॅको डुस्सुमिएरी', आपल्या लांबलेल्या बरगड्या छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतो. त्यांच्यावर ताणलेल्या कातडीवर तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. चार पाय शाबूत, पंख वेगळे. ड्रॅगन रंगवणाऱ्या चित्रकारांना हा सरडा चांगला माहीत असतो.

या अंदाजबाजीचं दुसरं, अधिक रोकडं रूप 'ड्रॅगनव्हेल'मध्ये पाहायला मिळालं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर गावी 'बॅकफ्लिप स्टुडिओज' नावाची कंपनी होती. तिने सप्टेंबर २०११ मध्ये हा खेळ आयफोन-आयपॅडवर आणला. तो इतका चालला की २०१३ मध्ये 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कंपनीने बॅकफ्लिपचा ७० टक्के हिस्सा ११ कोटी २० लाख डॉलरना घेतला. २०१९ मध्ये बॅकफ्लिप बंद झाली, पण खेळ 'डेका गेम्स'कडे गेला आणि जगला. इथे ड्रॅगनांचं प्राणिसंग्रहालय थाटायचं असतं. दोन ड्रॅगन गुहेत पाठवायचे. आत काय ठरलं हे खेळ सांगत नाही; तो फक्त घड्याळ दाखवतो.

आणि घड्याळच चुगली करतं. प्रत्येक जातीचा वेळ ठरलेला. सूर्य आणि चंद्र ड्रॅगनना ४८ तास लागतात, इंद्रधनुष्य ड्रॅगनला ६०. गुहेवर ६० तासांचा आकडा दिसला की खेळाडू खुर्चीतून उठतो, कारण तो ड्रॅगन मिळणं महाकठीण. पण जोडी गुहेऐवजी एका मोठ्या बेटावरही लावता येते, आणि पैसे मोजून सुधारलेल्या बेटावर वेळ २० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे तिथे इंद्रधनुष्याचे ६० तास ४८ होतात, आणि सूर्य-चंद्राचे ४८ तास ३८ तास २४ मिनिटांवर येतात. बेट आणि गुहा यांत गल्लत केलेला नवखा खेळाडू ४८ चा आकडा पाहून कधी उगाच नाचतो, कधी उगाच हिरमुसतो. नवी जात जाहीर व्हायची तेव्हा तिच्या आईबापांची जोडी कोणती, हे शोधायला हजारो गुहा एकदम कामाला लागायच्या. प्रत्येकजण एक जोडी लावून पाहणार, आलेला वेळ इतरांना सांगणार, नको त्या जोड्या बाद होत जाणार. प्रयोगशाळेत याला पद्धतशीर संशोधन म्हणतात. फरक इतकाच, की इथे अनुदान नव्हतं आणि वाट पाहण्याचा कंटाळा आला तर रत्नं विकत घेऊन वेळ संपवण्याचं बटण समोरच होतं. कंपनीची कमाई त्या बटणावर होती, हे विसरता येत नाही. कुतूहल जितकं ताणलं जाईल तितकं बटण दाबलं जाणार.

'ड्रॅगन केव्ह'ची तऱ्हा निराळी. २००६ पासून चालत आलेला हा फुकटचा, साधा खेळ. गुहेत अंडी ठेवलेली दिसतात. दिसतं ते फक्त अंडं आणि त्याखाली वर्णनाची एक ओळ. उचललं की ते आपलं. ते आपल्या बळावर फुटत नाही. लोकांनी त्याच्याकडे पाहावं लागतं, त्याच्या दुव्यावर क्लिक करावं लागतं. पुरेशा नजरा मिळाल्या नाहीत तर ते सात दिवसांत मरतं. फार लहानपणी फार नजरा पडल्या तर आजारी पडतं. नजर लागते हे इथे अक्षरशः खरं आहे. नवी अंडी आली की त्यातून काय निघणार हे कुणालाच माहीत नसतं. पहिलं पिल्लू निघेपर्यंत आणि पुढे ते मोठं होईपर्यंत लोक अंड्याच्या रंगावरून, ठिपक्यांवरून, त्या एका ओळीवरून तर्क लढवतात. तोवर जातीला नावही नसतं, अंड्याच्या दिसण्यावरून पडलेलं टोपणनावच चालतं. आणि गुहा चावटही आहे. तिथल्या काही अंड्यांतून ड्रॅगन निघतच नाहीत. डायनोसॉर निघतात. चीजचा ड्रॅगन आहे, कागदाचा आहे. एका अंड्यातून चक्क कोंबडी निघते. आणि ती सहज मिळत नाही म्हणून लोक तिच्या मागे लागतात!

ड्रॅगन केव्हचं आणखी एक वैशिष्ट्य फ्लाइट रायझिंगवाल्यांना हेवा वाटावा असं आहे. इथले कित्येक ड्रॅगन खेळाडूंच्याच कल्पनेतून आले. एखाद्याने जात सुचवायची, इतरांनी तिची चिरफाड करायची, कुणीतरी ठिपक्या-ठिपक्यांनी तिची चित्रं काढायची, आणि सगळं जमलं तर कधीतरी ती गुहेत यायची. अंदाज आणि निर्मिती यांच्यात भिंत नाही. उलट बहुतेक व्यावसायिक कंपन्या चाहत्यांनी पाठवलेल्या कल्पना वाचायचंही टाळतात. उद्या योगायोगाने तसाच ड्रॅगन बाजारात आला तर हक्काचा दावा कोण निस्तरणार? कायद्याच्या नजरेने हे शहाणपणाचं आहे. पण त्यामुळे चाहत्याची स्थिती चमत्कारिक होते. त्याने आपली वाऱ्याची जात कागदावर अख्खी घडवली, तिला हाडं दिली, स्वभाव दिला, पिल्लाचं आणि प्रौढाचं चित्र काढलं. आणि तिचा अधिकृत खेळाशी काडीचा संबंध येणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी तो काढतो. इतकं चांगलं काढतो, की खरी जात येते तेव्हा ती फिकी वाटते. नव्या जातीवरच्या नाराजीचं मोठं कारण हे आहे. ती वाईट असते असं नाही. ती आपली नसते.

असल्या तर्कांचा पूर्वज शोधायचा तर १९९६ च्या जपानपर्यंत जावं लागेल. पहिल्या 'पोकेमॉन' खेळात शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने अगदी शेवटी, तपासणीची साधनं काढून टाकल्यावर मोकळ्या झालेल्या इवल्याशा जागेत 'म्यू' नावाचा एक जीव लपवला. तो सरळ मार्गाने मिळत नव्हता, पण आहे अशी कुणकुण पसरली. मग जगभरच्या शाळांच्या मैदानांवर अफवा उठल्या. त्यातली सगळ्यांत टिकाऊ अफवा ट्रकची. खेळातल्या एका बंदरावर, जहाजाजवळ, जिथे सहसा जाता येत नाही अशा जागी एक ट्रक उभा आहे. तो हलवला की खाली म्यू सापडतो. ट्रक खरोखर होता. खाली काही नव्हतं. पण तो चित्रात ठेवलेला होता आणि त्याचं कारण कुणी सांगत नव्हतं, एवढ्यावर एक पिढी तो ढकलत बसली. कारणाशिवाय ठेवलेली वस्तू माणसाला सहन होत नाही, आणि खेळ बनवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल मांडलेला सिद्धान्त याच वळणाचा आहे : आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवं, यांतली फट दिसली की ती खुपायला लागते. मुळीच माहिती नसेल तर खुपत नाही. थोडी असली की जास्त खुपते. अकरांतली आठ घरं भरलेली असणं म्हणजे नेमकी अशी फट.

मग कुणी ही फट बाहेरून बुजवली तर? हेन्री जेन्किन्स या माध्यम-अभ्यासकाने २००६ च्या 'कन्व्हर्जन्स कल्चर' या पुस्तकात 'सर्व्हायव्हर' या अमेरिकी वाहिनीवरच्या कार्यक्रमाच्या चाहत्यांवर पहिलंच प्रकरण लिहिलं. निर्जन जागी स्पर्धक सोडायचे, एकेकाला बाद करायचं, असा तो कार्यक्रम. चित्रीकरण आधी होऊन गेलेलं, निकाल गुप्त. चाहत्यांनी उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रं मिळवून चित्रीकरणाच्या जागा हुडकल्या, जाहिरातींतली एकेक चौकट थांबवून तपासली, कोण बारीक झालंय, कुणाची दाढी वाढलीय यावरून अंदाज बांधले. मग २००३ च्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या हंगामाआधी एकजण उगवला. ब्राझीलला सुट्टीवर गेलो असताना मला आतली बातमी कळली, म्हणाला, आणि थेंबाथेंबाने सांगू लागला. त्याचं बरंचसं खरं निघालं. लोक खूश व्हायला हवे होते. त्याऐवजी फळी फुटली. जे मिळून सोडवायचं होतं ते एकाने येऊन सांगितलं, म्हणजे बाकीच्यांनी करायचं काय?

ड्रॅगनवाल्यांत ही भांडणं सारखी होतात. चाचणीच्या आवृत्तीतून किंवा खेळाच्या फायलींतून चित्र उचलून कुणी आधीच फोडलं, की काहीजण धावत जाऊन पाहतात, काहीजण डोळे मिटून घेतात, आणि दोन्ही गट एकमेकांवर डाफरतात. त्यातून खोटी फोडाफोडी करणारेही निघतात : स्वतःच काढलेलं चित्र धूसर करून 'हे मला आतून मिळालं' म्हणणारे. त्यांना पकडण्याची पद्धत पुन्हा पुराव्याचीच. रेघेची जाडी मूळ चित्रकाराशी जुळते का? सावली कुठल्या बाजूने पडते? खेळातल्या सगळ्या ड्रॅगनांची ठरलेली मांडणी इथे पाळली आहे का? चांगला बनावटखोर यातही पास होतो. मग त्याचं कौतुक करावं की त्याला हाकलावं, यावर वेगळी पंचाईत.

सगळेच मात्र मौजेसाठी अंदाज बांधत नाहीत. फ्लाइट रायझिंगमध्ये खेळाडू-चित्रकारांची एक अख्खी पेठ आहे. ड्रॅगनच्या अंगावर चढवायची चित्रं, त्यांना 'स्किन' आणि 'ॲक्सेंट' म्हणतात, खेळाडू स्वतः रंगवतात. खेळातली रत्नं मोजून ती छापून घेतात आणि विकतात. बहुतेक महिन्यांत एकेका तत्त्वाचा उत्सव असतो, आणि त्यात खेळाडूंनी काढलेली चित्रं स्पर्धेतून निवडून सगळ्यांना उपलब्ध होतात. यासाठी प्रत्येक जातीच्या नराचा आणि मादीचा कोरा साचा लागतो. नवी जात म्हणजे दोन नवे साचे, आणि पहिल्या काही दिवसांत जे चित्र बाजारात येईल त्याला मागणी. म्हणून चित्रकार आधीच तयारीत असतो. जात पिसांची असेल तर मोरपिसांची कल्पना, कवचाची असेल तर गंजलेल्या पत्र्याची. वहीत दोन्ही कच्ची काढून ठेवलेली. पैदास करणाऱ्यांचंही तसंच. जुन्या ड्रॅगनांपासून नवी प्राचीन जात जन्माला घालता येत नाही, ती आपल्याच जातीत वाढते. त्यामुळे पहिली जोडी ज्याची, त्याच्या पिल्लांना भाव. 'जी-वन', म्हणजे ज्यांना आईबाप नाहीत अशा पहिल्या पिढीच्या ड्रॅगनांमागे लोक वेडे असतात. तिन्ही थर एकाच रंगाचे निघाले, म्हणजे 'ट्रिपल', तर विचारूच नका. अंदाज चुकला तर साठवलेली रत्नं पडून राहतात आणि वहीतली चित्रं वाया जातात. त्याचं कुणाला फारसं दुःख नसतं. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून ती जपून ठेवली जातात, आणि खरंच पडतात.

सिरस आल्यावर अकराही घरं भरली. तत्त्वावरून पुढची जात ओळखण्याची सोय संपली. पण दुसरा तक्ता आधीपासून भिंतीवर आहेच, नक्ष्यांचा. आधुनिक ड्रॅगनांवर चढणाऱ्या नक्ष्या प्राचीन जातींना जन्मतःच मिळत नाहीत. खेळ बनवणारे त्या एकेका जातीला हळूहळू देत जातात. उभ्या रकान्यात अकरा प्राचीन जाती, आडव्या ओळीत 'इरिडेसंट', 'स्टारमॅप', 'शिमर' आणि अंगावर हाडांचा सापळा उमटवणारी 'घोस्ट' यांच्यासारख्या डझनावारी नक्ष्या. हा तक्ता आठ-अकरासारखा आटोपशीर नाही. त्यात रिकामी घरं शेकड्यांनी आहेत, आणि पुढची नक्षी गेओलरच्या जाड केसांवर कशी दिसेल किंवा ॲबरेशनच्या दोन्ही डोक्यांवर एकदम उमटेल का, याची चित्रं आतापासून निघायला लागतात.